कुस्को : दगडी जोत्यावरचे शहर

पेरू देशातील कुस्को हे शहर अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे 3,400 मीटर उंचीवर वसले आहे. ही इंकांची राजधानी. साम्राज्याच्या चारही सुभ्यांकडे जाणारे रस्ते येथील मोठ्या चौकातून सुटत. शहराच्या मांडणीचे श्रेय परंपरेने पाचाकुती या राजाला दिले जाते. पंधराव्या शतकात त्याने साफी आणि तुल्लुमायो हे दोन ओढे दगडी पाटांत बांधून काढले आणि त्यांच्यामधल्या जागेत नवे नगर आखले, असे सांगतात. जुने कुस्को आटोपशीर आहे. चौकातून निघून डोंगरावरच्या साक्सायवामान या तटबंदीपर्यंत एका दिवसात चालत जाता येते. ते चालतच पाहायला हवे, कारण पाहण्यासारखे बरेचसे अरुंद गल्ल्यांच्या भिंतींत आहे.

आजचा प्लासा दे आर्मास म्हणजे इंकांचा हाउकायपाता. मूळ चौक याहून पुष्कळ मोठा होता. त्याच्या कडेने साफी वाहत असे आणि पलीकडे कुसिपाता नावाचे दुसरे पटांगण होते. आता ओढा रस्त्याखाली गेला आहे आणि कुसिपातावर घरे उभी आहेत. हाउकायपातावर प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरून डोंगर ओलांडून आणलेल्या वाळूचा जाड थर होता. लोक ती वाळू पवित्र मानीत. पोलो दे ओन्देगार्दो या स्पॅनिश अंमलदाराने ती उपसून बांधकामाला लावली. विजेत्यांनी या शहराचे काय केले, हे त्या एका हुकुमावरून नेमके कळते.

फ्रान्सिस्को पिसारोचे सैन्य 15 नोव्हेंबर 1533 रोजी कुस्कोत शिरले आणि 23 मार्च 1534 रोजी स्पॅनिश नगर म्हणून त्याची रीतसर स्थापना झाली. राजवाड्यांच्या जागा सैनिकांत आणि धर्मसंघांत वाटल्या गेल्या. 1536 मध्ये मान्को इंका या राजाने शहराला वेढा घातला, तेव्हा गवताने शाकारलेली छपरे पेटली. दगडी भिंती राहिल्या. त्यांवर कच्च्या विटांचे मजले, कौले आणि लाकडी सज्जे चढले. चौकातले कॅथेड्रल अशाच एका वाड्याच्या जागी 1560 च्या सुमारास सुरू झाले आणि 1654 मध्ये पूर्ण झाले. त्यात मार्कोस सापाता या अठराव्या शतकातील चित्रकाराचे येशूच्या अखेरच्या भोजनाचे चित्र आहे. टेबलावरच्या ताटात अँडीजमध्ये सणासुदीला खाल्ला जाणारा कुय, म्हणजे गिनीपिग, वाढलेला आहे. याच चौकात 18 मे 1781 रोजी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव करणारा दुसरा तुपाक अमारू आणि त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास यांना क्रूरपणे ठार मारण्यात आले.

चौकातून दक्षिणेला निघणाऱ्या लोरेतो गल्लीत दोन्ही बाजूंना इंका भिंती आहेत. त्या वर जाताना आतल्या बाजूला कलतात. चिरे खाली मोठे, वर लहान होत जातात आणि सांध्यांत चुना नाही. पाथरवटांकडे लोखंडी हत्यार नव्हते. अँडेसाइट जातीचा बराचसा दगड शहरापासून सुमारे 35 किलोमीटरवरच्या रुमिकोल्का खाणीतून येई. नदीतल्या टणक गोट्यांनी ठोकून दगड घडवता येतो, हे ज्याँ-पिएर प्रोत्सेन या वास्तुतज्ज्ञाने स्वतः प्रयोग करून दाखवले. चिरा जवळून पाहिला, की मधल्या भागात घावांचे खड्डे मोठे आणि कडेला बारीक दिसतात. कड तुटू नये म्हणून तिथे लहान गोटा वापरला जाई.

मात्र दिसेल ती भिंत इंका काळातली समजू नये. विजयानंतरही तेच पाथरवट त्याच पद्धतीने नव्या मालकांसाठी काम करत होते. जुने चिरे काढून नव्या भिंतीत बसवले गेले आणि दारांवर स्पॅनिश घराण्यांची चिन्हे कोरली गेली. कुस्कोची खरी थोरवी या कारागिरांची आहे, आणि त्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत.

लोरेतो गल्लीवरून पुढे कोरिकांचा हे सूर्यमंदिर लागते. स्पॅनिशांच्या कैदेतल्या अताहुआल्पा या इंका राजाच्या खंडणीसाठी 1533 मध्ये त्याच्या भिंतींवरचे सोन्याचे पत्रे उचकटून नेण्यात आले. पुढे डोमिनिकन संघाने त्यावर मठ बांधला. 31 मार्च 1650 च्या भूकंपाने शहराची दैना केली. तेव्हा कॅथेड्रलमधली येशूची मूर्ती बाहेर आणल्यावर हादरे थांबले, अशी श्रद्धा आहे. ईस्टरपूर्वीच्या सोमवारी तिची मिरवणूक आजही निघते. 21 मे 1950 च्या भूकंपात मठ पुन्हा कोसळला आणि आत दडलेल्या मंदिराच्या खोल्या, त्यांचे वर निमुळते होत जाणारे कोनाडे उघडे पडले. मठ पुन्हा बांधावा की मंदिर मोकळे ठेवावे, यावर वाद झाला. शेवटी दोन्ही ठेवले गेले.

चौकाच्या ईशान्येला हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा प्रसिद्ध हिरवट दगड आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये एका माणसाने हातोडीने त्याचे टवके उडवले. पुढे चढाची वाट सान ब्लास या कारागिरांच्या वस्तीत जाते. तिथल्या चर्चमधले व्यासपीठ म्हणजे लाकडी कोरीवकामाचा अप्रतिम नमुना आहे.

सर्वांत वर साक्सायवामान. नागमोडी तटाच्या तीन ओळी, आणि त्यांत शंभर टनांहून जड शिळा. 1536 च्या लढाईत पिसारोचा भाऊ हुआन इथेच जबर जखमी होऊन मेला. 1944 पासून दर 24 जूनला इथे इंती रायमी हा सूर्याचा सण साजरा होतो. 1539 मध्ये कुस्कोत जन्मलेल्या इंका गार्सिलासो दे ला वेगा याने त्याचे वर्णन लिहून ठेवले होते, आणि पुनरुज्जीवनाला त्याचाच आधार मिळाला. तटाच्या तळच्या शिळा हलवता न आल्यामुळे तेवढ्या उरल्या. उचलता येण्याजोगे दगड लोक कित्येक पिढ्या खाली शहरात नेत होते. ते पाहायचे असतील, तर उतरताना चर्चच्या आणि जुन्या घरांच्या जोत्यांकडे लक्ष द्यावे.