डोरियन चक्रीवादळानंतरचे अबाको बेटांवरील धर्मादाय मदतकार्य

सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन चक्रीवादळाने बहामास देशाच्या उत्तरेकडील अबाको आणि ग्रँड बहामा ही बेटे उद्ध्वस्त केली. त्यानंतर तेथे रुग्णसेवा, पाणीपुरवठा आणि घरदुरुस्ती या क्षेत्रांत धार्मिक प्रेरणेने चालणाऱ्या अनेक संस्थांनी काम केले. त्यांत अमेरिकेतील सॅमरिटन्स पर्स व वॉटर मिशन, तसेच साल्व्हेशन आर्मी आणि बौद्ध परंपरेतील त्झू ची प्रतिष्ठान यांचा समावेश होता. हे कार्य मोठे असले तरी ते वादातीत नव्हते. हैतीहून आलेल्या स्थलांतरितांच्या निवाऱ्याचा प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेर राहिला.

पार्श्वभूमी

बहामास हा अटलांटिक महासागरातील सुमारे ७०० बेटांचा देश १९७३ साली ब्रिटनपासून स्वतंत्र झाला. २०१० च्या जनगणनेनुसार अबाकोची लोकसंख्या १७,२२४ होती. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर, १७८३ पासून, ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेली कुटुंबे आपल्या गुलामांसह येथे येऊन वसली. होप टाऊन, न्यू प्लिमथ यांसारखी गावे त्या काळातील आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेती व बांधकामावरील मजुरीसाठी हैतीतून लोक येऊ लागले. मार्श हार्बर या मुख्य शहरालगत 'द मड' आणि 'पिजन पी' या त्यांच्या दाट वस्त्या उभ्या राहिल्या. तेथील घरे प्लायवूडची, एकमेकांना चिकटलेली होती आणि रहिवाशांकडे जमिनीची कागदपत्रे नव्हती. या वस्त्या हटवण्याचा सरकारचा प्रयत्न २०१८ मध्ये न्यायालयीन मनाईमुळे थांबला होता.

देशातील बहुसंख्य लोक ख्रिस्ती असून त्यांत बाप्टिस्ट पंथीयांचे प्रमाण सर्वाधिक, सुमारे ३५ टक्के आहे. छोट्या बेटांवर चर्च हे केवळ प्रार्थनास्थळ नसते. वादळ आले की तेच आश्रयस्थान होते आणि वादळानंतर सामान वाटपाचे ठिकाणही. बाहेरून आलेल्या संस्थांना स्थानिक मंडळ्यांचे हे जाळे आयते मिळाले.

आपत्ती

१ सप्टेंबर २०१९ रोजी डोरियन अबाकोजवळील एल्बो के या छोट्या बेटावर धडकले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २९५ किलोमीटर होता. किनाऱ्यावर धडकतानाचा वेग लक्षात घेता अटलांटिकमधील नोंद झालेल्या सर्वांत प्रबळ वादळांत ते १९३५ च्या 'लेबर डे' चक्रीवादळाच्या बरोबरीने गणले जाते. पुढे ग्रँड बहामावर ते एका दिवसाहून अधिक काळ जवळजवळ एकाच जागी रेंगाळले. सखल चुनखडीच्या या बेटांना डोंगराचा आडोसा नाही. देशातील सर्वोच्च ठिकाणच जेमतेम ६३ मीटर उंचीचे आहे आणि तेही दूरच्या कॅट आयलंडवर. त्यामुळे समुद्राच्या उधाणाचे पाणी वस्त्यांतून आरपार गेले.

बहामासमध्ये अधिकृतरीत्या ७४ मृत्यूंची नोंद झाली आणि २४५ व्यक्ती बेपत्ता राहिल्या. 'द मड'मधील अनेक रहिवाशांची कोणत्याही दप्तरात नोंद नसल्याने खरा आकडा याहून मोठा असावा, असे व्यापक मत आहे. ओळख न पटलेल्या व ताब्यात न घेतलेल्या पन्नासहून अधिक मृतांचे दफन मे २०२० मध्ये अबाकोवर करण्यात आले. एकूण हानी सुमारे ३.४ अब्ज अमेरिकी डॉलर, म्हणजे देशाच्या वार्षिक सकल उत्पन्नाच्या जवळजवळ एक-चतुर्थांश इतकी आकारली गेली. हजारो अबाकोवासीयांना राजधानी नासाऊ येथे हलवण्यात आले. तेथील केंडल आयझॅक्स व्यायामशाळा त्यांच्यासाठी निवारा केंद्र बनली.

रुग्णसेवा आणि पाणी

सॅमरिटन्स पर्स ही १९७० मध्ये स्थापन झालेली इव्हँजेलिकल ख्रिस्ती संस्था उत्तर कॅरोलायनातील बून येथून चालते. तिचे नाव येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावरून आले आहे. वादळानंतर काही दिवसांतच संस्थेच्या डीसी-८ विमानाने ताडपत्र्या, पाणी शुद्ध करण्याची साधने आणि तंबूंचे फिरते रुग्णालय आणले. ग्रँड बहामावरील फ्रीपोर्ट शहरातील रँड मेमोरियल रुग्णालयात पुराचे पाणी शिरल्याने ते बरेचसे निकामी झाले होते. त्याला पर्याय म्हणून हे रुग्णालय उभारले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार ते दुसऱ्या प्रकारचे होते. या प्रकारच्या पथकाकडे किमान २० खाटा आणि दिवसाला सात मोठ्या शस्त्रक्रिया करण्याची क्षमता असावी लागते. स्थानिक आरोग्यव्यवस्था सावरेपर्यंत प्रसूतीपासून शस्त्रक्रियेपर्यंतच्या सेवा मिळण्यास त्याचा आधार झाला.

पाण्याचा प्रश्न अधिक चिवट ठरला. या बेटांवर पिण्याजोगे पाणी भूगर्भात, खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या गोड्या पाण्याच्या पातळ थराच्या रूपात असते. भिंगासारख्या आकाराचा हा थर पावसाने भरतो. उधाणाचे पाणी वरून जमिनीत मुरले की तो खारट होतो आणि पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लागतो. नळ दुरुस्त करूनही पाणी पिता येत नाही ते यामुळेच. वॉटर मिशन या दक्षिण कॅरोलायनातील ख्रिस्ती अभियांत्रिकी संस्थेने अशा ठिकाणी समुद्राचे किंवा मचूळ पाणी गोडे करणारी रिव्हर्स ऑस्मोसिस यंत्रे बसवली. यंत्रांना अखंड वीज लागते आणि वीजवाहिन्या कोसळलेल्या असल्याने जनित्रे व इंधनही बोटीने आणावे लागे.

मराठी वाचकांना 'मुक्तिफौज' या नावाने परिचित असलेली साल्व्हेशन आर्मी बहामासमध्ये १९३१ पासून कार्यरत आहे. त्यामुळे ती बाहेरची पाहुणी नव्हती. त्झू ची प्रतिष्ठानाने मात्र वस्तूंऐवजी रोख मदतीची कार्डे देण्यावर भर दिला. कोणाला भांडी हवी असतात, कोणाला भाडे भरायचे असते, हे ध्यानात घेता ही पद्धत अधिक व्यवहार्य म्हणावी लागेल.

घरांची पुनर्बांधणी

आरंभीच्या महिन्यांत स्वयंसेवकांचे मुख्य काम ढिगारे उपसण्याचे, छपरांवर ताडपत्री घालण्याचे आणि भिजलेल्या घरांतील बुरशी काढण्याचे होते. पुनर्बांधणीत छपराला सर्वाधिक महत्त्व असते. वारा छपराखाली शिरून ते वर उचलतो आणि छप्पर उडाले की भिंतींचा आधार जातो. म्हणून वासे भिंतीशी धातूच्या पट्ट्यांनी जखडणे हा दुरुस्तीचा गाभा आहे. पट्टीची किंमत किरकोळ असली तरी ती बसवणारा कुशल सुतार बेटावर मिळणे दुर्मीळ झाले होते. लाकूड, सिमेंट आणि पत्रे जहाजाने येत. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ मुळे देशाच्या सीमा बंद झाल्या. परदेशी स्वयंसेवकांची ये-जा थांबली आणि काम लांबले.

हैतीयन वस्त्यांचा प्रश्न

दुरुस्तीसाठी घर आणि जमीन कोणाच्या मालकीची, हे दाखवावे लागते. 'द मड'मधील रहिवाशांना ते शक्य नव्हते. सरकारने तेथे पुन्हा बांधकाम करण्यास मनाई केली आणि उरलेसुरले अवशेष बुलडोझरने हटवले. पंतप्रधान ह्युबर्ट मिनिस यांच्या सरकारने काही आठवड्यांतच कागदपत्रे नसलेल्यांची हैतीला पाठवणी पुन्हा सुरू केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने त्याबद्दल चिंता व्यक्त केली. परिणामी अनेक स्थलांतरित निवारा केंद्रांत नाव नोंदवण्यासही घाबरू लागले. अन्न, पाणी आणि औषध देताना धर्मादाय संस्थांना कागद मागण्याची गरज नव्हती. घर बांधून देताना मात्र त्या शासनाच्या परवानगीने बांधल्या गेल्या. सर्वांत जास्त गमावलेल्या गटाला कायमस्वरूपी निवाऱ्यात सर्वांत कमी वाटा मिळाला, त्यामागचे एक मोठे कारण हेच होते.

मदत आणि धर्मप्रसार

सॅमरिटन्स पर्स आपल्या मदतीमागील सुवार्ताप्रसाराचा हेतू लपवत नाही. २००१ मध्ये एल साल्वाडोरमधील भूकंपानंतर अमेरिकी शासकीय निधीतून चालणाऱ्या निवारा प्रकल्पाच्या वेळी प्रार्थनासभा घेतल्यावरून तिच्यावर टीका झाली होती. रेडक्रॉस चळवळ व इतर संस्थांनी १९९४ मध्ये तयार केलेल्या आचारसंहितेनुसार मदतीचा वापर विशिष्ट राजकीय वा धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी होता कामा नये. बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या अबाकोवर हा वाद फारसा तीव्र झाला नाही. आपद्ग्रस्त आणि स्वयंसेवक बहुधा एकाच प्रार्थनेत सहभागी होत. व्हूडू परंपरा मानणाऱ्या हैतीयन कुटुंबांच्या बाबतीत मात्र प्रश्न तितका सोपा नव्हता.