गाणी सगळ्यांना पाठ, पण मंचरच्या शांता शेळके यांच्या कादंबऱ्या तुम्ही वाचल्यात का?

‘मी डोलकर’ लागलं की कोळीवाड्यातच काय, पुण्याच्या लग्नातही लोक नाचतात. आता गंमत बघा. हे गाणं लिहिणाऱ्या बाई समुद्रकाठच्या नव्हत्या. त्यांचं मूळ गाव आंबेगाव तालुक्यातलं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं मंचर.

शांता जनार्दन शेळके. जन्म १२ ऑक्टोबर १९२२, इंदापूरचा. वडील वनखात्यात रेंज ऑफिसर. ते लवकर गेले. पुढे शांताबाई पुण्याच्या हुजूरपागेत आणि स. प. महाविद्यालयात शिकल्या, मराठीत एम. ए. झाल्या. मंचरचं घर आणि तिथलं बालपण त्यांच्या ‘धूळपाटी’ या आत्मपर पुस्तकात भेटतं.

गोष्टी लिहिणाऱ्या शांताबाई

आपल्याला त्या माहीत आहेत त्या कवयित्री आणि गीतकार म्हणून. पण त्यांनी कथा आणि कादंबऱ्याही भरपूर लिहिल्या. ‘मुक्ता’, ‘गुलमोहर’, ‘काचकमळ’, ‘अनुबंध’ हे त्यांचे कथासंग्रह. ‘ओढ’, ‘धर्म’, ‘पुनर्जन्म’, ‘माझा खेळ मांडू दे’ या कादंबऱ्या.

लेखन हा त्यांच्यासाठी फावल्या वेळातला छंद नव्हता. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये त्यांनी नोकरी केली. साप्ताहिकात मजकूर वेळेवर द्यावाच लागतो, मूड असो वा नसो. नंतर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आणि मुंबईत मराठी शिकवलं. कथा, कविता, ललित लेख, अनुवाद, गाणी हे सगळं या नोकऱ्या सांभाळून चालू होतं.

‘चौघीजणी’ कुठून आल्या?

अमेरिकन लेखिका लुइझा मे अल्कॉट यांची ‘लिटल विमेन’ ही कादंबरी १८६८ ची. शांताबाईंनी ती मराठीत आणली आणि नाव दिलं ‘चौघीजणी’. मूळ नावाचा शब्दशः अर्थ होतो ‘छोट्या बायका’. तो बाजूला ठेवून त्यांनी आपल्या घरात कुणीही सहज म्हणेल असा शब्द निवडला. आजही अनेक वाचकांना हा अनुवाद वाटतच नाही.

डॉ. वसंत अवसरे कोण?

१९६४ च्या ‘मराठा तितुका मेळवावा’ या चित्रपटातल्या गाण्यांना गीतकार म्हणून हे नाव आहे. हे डॉक्टर म्हणजे शांताबाईच. तेव्हा त्या सेन्सॉर बोर्डावर होत्या, म्हणून टोपणनाव घ्यावं लागलं. विशेष म्हणजे या चित्रपटाचे संगीतकार ‘आनंदघन’ हेही टोपणनावच, लता मंगेशकरांचं.

मग गाण्यांचं आणि कथांचं नातं काय?

त्यांच्या गाण्यात बहुतेक वेळा कुणीतरी बोलत असतं. कधी होडीतला कोळी, कधी लावणीतली नखरेल बाई, कधी जुन्या चंद्राकडे बघणारा प्रियकर. दुसऱ्याच्या जागी उभं राहून त्याच्या शब्दांत बोलणं हे कथाकाराचं काम. ते शांताबाई तीन मिनिटांच्या गाण्यातही करत होत्या.

१९९६ साली आळंदीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. आळंदी खेड तालुक्यात, म्हणजे मंचरच्या शेजारीच. ६ जून २००२ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

गाणी रेडिओने आणि आता मोबाईलने जिवंत ठेवली. कथांना मात्र वाचकच लागतो. गावच्या वाचनालयात गेलात, तर ‘काचकमळ’ आहे का एवढं विचारून बघा.