धूमकेतूची वाफ आणि अडीच तासांचा प्रश्न

मंडळी, 'धूमकेतू' या शब्दातच एक अनुमान दडलेलं आहे. धूर हाच ज्याचा ध्वज, तो धूमकेतू. आणि जिथे धूर तिथे अग्नी, हे तर न्यायदर्शनाचं नेहमीचं उदाहरण. पण वाफेला धूर समजलात तर अनुमान फसतं, हेही नैयायिकांनीच बजावून ठेवलंय. आज आपण पाहणार आहोत तो इतिहास याच सावधगिरीचा आहे.

१८१९ साली योहान एन्के या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने गणिताने दाखवलं, की १७८६, १७९५, १८०५ आणि १८१८ मध्ये दिसलेले धूमकेतू वेगवेगळे नाहीतच. सुमारे ३.३ वर्षांनी फेरी पुरी करणारा तो एकच धूमकेतू आहे. पण ग्रहांच्या ओढीचा सगळा हिशेब मांडूनही एक गोष्ट जुळेना. दर फेरीला हा पाहुणा सुमारे अडीच तास लवकर यायचा.

एन्के म्हणाला, अवकाशात एक विरळ माध्यम आहे. त्याच्या विरोधाने धूमकेतूची ऊर्जा घटते, कक्षा आकसते आणि फेरी लवकर संपते. हे काही भलतंच नव्हतं. प्रकाशलहरींना वाहायला ईथर हवा, असं त्या काळी बरेच विद्वान मानू लागले होते. आधीच घरात असलेल्या कल्पनेला पुरावा मिळाला, असंच वाटलं असणार.

पुढे १८३५ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला. फ्रीडरिश बेसेलला त्याच्या केंद्राजवळून सूर्याच्या दिशेने पंख्यासारखा झोत निघताना दिसला. तो झोत लंबकासारखा झुलत होता. बेसेलने विचार केला, की पदार्थ एका बाजूला फेकला गेला तर धूमकेतूला उलट बाजूला धक्का बसणारच. आपल्या दिवाळीतल्या बाणासारखंच हे. मग फेरीचा काळ बदलायला बाहेरचं माध्यम कशाला हवं? एन्केला मात्र हे पटलं नाही.

आता बघा, 'लवकर येणं' हा हेतू दोन्ही पक्षांना लागू पडतो. न्यायाच्या भाषेत, अनैकांतिक. निर्णय करायचा तर दोन्ही मतं जिथे वेगळी पडतात तिथे बघायला हवं. माध्यम फेरी फक्त लहान करू शकतं. धक्का मात्र दिशेप्रमाणे लहानही करेल, मोठीही. आणि हॅलेचा धूमकेतू नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा दर फेरीला सुमारे चार दिवस उशिरा येतो!

तरी बेसेलची कल्पना शतकभर मागे का पडली? आम्हाला वाटतं, त्याच्यापाशी धक्का होता, पण इंधन नव्हतं. धूमकेतू म्हणजे वाळू-खड्यांचा थवा, असा समज होता. तसा थवा फेरीमागून फेरी इतका वायू कुठून देणार?

ते इंधन फ्रेड व्हिपलने १९५० मध्ये दाखवलं. त्याच्या मते केंद्र म्हणजे धूळ मिसळलेला बर्फाचा गोळा. उन्हाने बर्फाची थेट वाफ होते. गोळा स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे आपल्याकडच्यासारखाच तिथेही सर्वांत जास्त ताप भर माध्यान्ही नसून दुपार कलल्यावर असतो. म्हणून धक्का तिरका बसतो. स्वतःभोवती फिरणं कक्षेच्याच दिशेने असेल तर फेरी लांबते, उलट असेल तर आखडते.

१४ मार्च १९८६ रोजी जोत्तो यान हॅलेच्या केंद्रापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेलं. झोत उन्हाच्या बाजूने, आणि तिथेही ठरावीक जागांतूनच निघताना दिसले. पुढे ४ नोव्हेंबर २०१० रोजी डीप इम्पॅक्ट यान हार्टली-२ या धूमकेतूजवळून गेलं, तेव्हा आणखी एक नवल दिसलं. गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा वायू होऊन उसळत होता आणि जाताना पाण्याच्या बर्फाचे तुकडे सोबत ओढून नेत होता. पुढे उन्हात त्या तुकड्यांचीही वाफ होते. एवढ्याशा केंद्राभोवती इतकी वाफ कशी, याचं उत्तर त्यातून मिळालं.

एन्केचे अडीच तास खोटे नव्हते. व्हिपलने १९५० मध्ये आरंभ केला तो त्याच आकड्यापासून. मोजमाप टिकलं, त्याचा लावलेला अर्थ गेला. एखादं कारण वस्तुस्थितीला लागू पडतं, एवढ्याने ते सिद्ध होत नाही. दुसरं कारणही तितकंच लागू पडतं का, हे विचारल्याशिवाय आपण थांबू नये.