एबीसी वाहक प्रथिनांची ओळख

एबीसी वाहक प्रथिने ही एटीपीच्या विघटनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर विविध द्रव्ये पेशीपटलापलीकडे नेणारी प्रथिने होत. जिवाणूंमधील अशी प्रथिने बहुधा अमिनो आम्लांच्या क्रमांची तुलना करून ओळखली जातात.

१९८२ साली ई. कोलाय जिवाणूतील माल्टोज शर्करेच्या वाहतुकीचे 'माल-के' आणि साल्मोनेलातील हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या वाहतुकीचे 'हिस-पी' या प्रथिनांच्या क्रमांत लक्षणीय साम्य आढळले. वाहिली जाणारी द्रव्ये भिन्न असूनही ऊर्जा पुरवणारा घटक एकाच कुळातील असल्याचे त्यावरून दिसून आले. त्याच वर्षी जॉन वॉकर व सहकाऱ्यांनी एटीपी बांधणाऱ्या प्रथिनांतील 'वॉकर ए' व 'वॉकर बी' या आखूड क्रमांचे वर्णन केले. हे क्रम अन्य प्रथिनांतही असतात. एबीसी कुळाची विशेष खूण म्हणजे सहसा ल्युसिन-सेरिन-ग्लायसिन-ग्लायसिन-ग्लुटामिन हा क्रम होय.

या खुणांवरून प्रथिनाचे कुळ कळते, परंतु ते कोणते द्रव्य वाहते हे कळत नाही. त्यासाठी द्रव्य पकडणाऱ्या बंधक प्रथिनाचा क्रम व शेजारची जनुके पाहतात. तरीही निष्कर्ष अनुमानच राहतो. जनुक निष्क्रिय केल्यावर त्या द्रव्याचे ग्रहण थांबते का, हे प्रयोगाने तपासावे लागते. अन्यथा एका प्रथिनाला दिलेले चुकीचे नाव साम्याच्या आधारे इतर नोंदींतही पसरते.