संशोधनाचा सरकारी पैसा परळला आला, डहाणूला पोचायला शंभर वर्षं गेली

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या भागातल्या डॉक्टरांशी, नर्सिंगच्या मुलींशी, फार्मसीच्या पोरांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "संशोधन म्हणजे मुंबई-पुण्याचं काम, आपल्याकडे कोण पैसे देणार?" वैद्यकीय संशोधनाला सरकार पैसे देतं, दरवर्षी देतं, त्यासाठी जाहिराती निघतात, अर्ज मागवले जातात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि ज्या संस्थेकडून हा पैसा येतो, तिची पहिली सभा दिल्लीत नव्हे, परळला झाली होती. नालासोपाऱ्याला लोकल धरायची, प्रभादेवीला उतरून पलीकडे जायचं. टाटा आणि केईएमच्या वाऱ्या करणाऱ्या निर्मळ, भुईगाव, वाघोलीच्या माणसांना हा रस्ता पाठ आहे. त्याच रस्त्यावर हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. गोष्ट तिथूनच सुरू होते.

सप्टेंबर १८९६. मांडवी बंदराजवळच्या चाळींत ताप आणि जांघेत गाठ येऊन माणसं पटापट मरायला लागली. हा गाठीचा प्लेग आहे, हे सर्वांत आधी ओळखलं डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी. सुरुवातीला सरकारदरबारी कोणी मानायला तयार नव्हतं. मानलं तेव्हा शहर रिकामं व्हायला लागलं होतं. पुढचा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. १८९७चा साथरोग कायदा (हाच कायदा कोविडमध्ये परत बाहेर काढला गेला), पुण्यातली घरझडती, रँडचा खून, चाफेकर बंधू. सावित्रीबाई फुले गेल्या त्याही १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन. वांद्र्याच्या गावठाणात प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही दिसतात. आपल्या वसईकरांची तिकडे सोयरीक असते, त्यामुळे अनेकांनी ते पाहिले असतील.

या सगळ्या गोंधळात एक माणूस कोलकात्याहून मुंबईत आला. वाल्देमार हाफकिन. जन्माने ओडेसाचा ज्यू, पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम केलेला, कॉलऱ्याची लस घेऊन भारतात आलेला. ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने त्याला प्लेगवर काम करायला सांगितलं. सरकारने दिलं काय? ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि एक व्हरांडा. एक कारकून, तीन शिपाई. बस्स. (कॉलेजचं नाव ग्रँट असलं तरी त्याचा अनुदानाशी संबंध नाही. सर रॉबर्ट ग्रँट नावाच्या गव्हर्नरावरून ते पडलं. पण गंमत आहे खरी.)

त्या व्हरांड्यात तीन महिन्यांत लस तयार झाली. जंतू पोषक द्रवात वाढवायचे, उष्णता देऊन मारायचे आणि मेलेल्या जंतूंचा तो द्रव टोचायचा, अशी पद्धत. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिनने पहिली टोचणी स्वतःलाच करून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. ज्यांनी घेतली आणि ज्यांनी नाही घेतली, त्यांची तुलना केली. लस पूर्ण रोखत नव्हती, पण मरणाचं प्रमाण कमी करत होती.

इतकं झाल्यावर पैशाची दारं जरा उघडली. तरी लगेच नाही. मधल्या काळात प्रयोगशाळा मलबार हिलच्या एका बंगल्यात गेली, मग आगाखानांनी दिलेल्या खुश्रू लॉजमध्ये. म्हणजे सरकारी कामाला छप्पर एका खासगी दात्याने दिलं. शेवटी १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये ती कायमची आली. ही जागाही आपल्या ओळखीतली म्हणायची. पोर्तुगीज काळातली धर्मगुरूंची वास्तू, मग इंग्रज गव्हर्नरांचा वाडा. एका गव्हर्नरची पत्नी तिथे कॉलऱ्याने वारली आणि गव्हर्नरांनी मलबार पॉइंट गाठला. साहेबांना नको झालेला वाडा संशोधनाला मिळाला, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

हाफकिनचं पुढे काय झालं हे सांगायलाच हवं, कारण सरकारी पैशाची दुसरी बाजू त्यात दिसते. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. खापर परळच्या प्रयोगशाळेवर फुटलं. हाफकिनला निलंबित केलं. दोष परळच्या लशीचा नव्हता, गावात बाटली उघडताना हाताळणीत चूक झाली होती, हे मान्य करून त्याला दोषमुक्त करायला १९०७ साल उजाडलं. तो परत आला, पण परळला नाही, कोलकात्याला. प्रयोगशाळेला त्याचं नाव मिळालं ते १९२५ मध्ये.

आता मूळ मुद्दा. प्लेग, कॉलरा, मलेरिया, काळा आजार यांनी सरकारला एवढं कळलं होतं की साथ आली की एखाद्या शास्त्रज्ञाला बोलावून खोली द्यायची, ही पद्धत चालणार नाही. म्हणून १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली. तिचं काम एकच, साथीच्या रोगांवरच्या संशोधनाला पैसे पुरवणं आणि त्यात ताळमेळ ठेवणं. तिच्या नियामक मंडळाची पहिली सभा १५ नोव्हेंबर १९११ रोजी, सर हार्कोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली, परळच्या याच प्लेग प्रयोगशाळेत भरली. दोन वर्षांनी इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च हे नियतकालिक सुरू झालं, ते आजही निघतं. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये असोसिएशनचं नाव बदललं. ते नवं नाव कोविडमध्ये रोज रात्री बातम्यांत ऐकलंत तुम्ही. आयसीएमआर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद.

म्हणजे देशाच्या वैद्यकीय अनुदानाची गंगोत्री आपल्यापासून तासाभराच्या लोकलवर होती. मग आपल्या भागाला काय मिळालं?

काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९५२ मध्ये केईएममधल्या डॉ. य. मो. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट जगापुढे मांडला, तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. १९५७ मध्ये आयसीएमआरने त्याच आवारात रक्तगटांचं केंद्र काढलं. तेच पुढे राष्ट्रीय रक्तशास्त्र संस्था झालं आणि सिकलसेलवर तिथे दीर्घकाळ काम झालं. आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यामुळे त्या कामाचा उपयोग इथवर पोचतो.

पण एकूण पाहिलं तर पैसा कुठल्या रोगाला मिळाला? ज्याने बंदर बंद पडतं, पलटणीत माणसं मरतात, चहाच्या मळ्यात मजूर कमी पडतात, त्याला आधी. विंचू चावल्याने जहाज अडत नाही. साप चावल्याने कापड गिरणी बंद पडत नाही. मरतो तो भातात चिखलणी करणारा, गवत कापणारी बाई, लाकूडफाटा काढणारं पोर. प्रत्येक मरण वेगळ्या गावात, वेगळ्या रात्री, एकेकट्याचं. त्याची साथ म्हणून नोंद होत नाही.

इथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांची गोष्ट. जालना जिल्ह्यातल्या गरीब घरातला मुलगा, नागपूरला एमबीबीएस झाला आणि १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणातला लाल विंचू चावलेले रुग्ण रात्री-अपरात्री यायचे. घामाने निथळलेले, उलट्या, हातपाय थंडगार. काही तासांत फुप्फुसात पाणी भरून जायचे. रुग्णालयात आणलेल्यांपैकीही तीस-चाळीस टक्के दगावत. पुस्तकात यावर धड उपचार नव्हता. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणं तासातासाने लिहून काढली. १९८२ मध्ये ती निरीक्षणं 'द लॅन्सेट'मध्ये छापून आली. विंचवाच्या विषाने शरीरात असा रासायनिक कल्लोळ उठतो की रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर प्रचंड ताण येतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी वापरली. १९८६ मध्ये त्यावरचा लेख पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये आला. मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांवर उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या कामामागे परळसारखी प्रयोगशाळा नव्हती, अनुदानाचा मोठा प्रकल्प नव्हता. वही, पेन, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि जागरण. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात, "बघा, पैसा नसतानाही झालं!" मला ती ऐकताना रागच येतो. एक बावस्कर झाले म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण किती आरोग्य केंद्रांत किती डॉक्टरांना काही वेगळं दिसलं असेल, ज्यांच्याकडे बावस्करांसारखी चिकाटी नव्हती, मदतनीस नव्हता, लेख कसा लिहायचा हे सांगणारं कोणी नव्हतं?

आता डहाणूकडे या. २००७ मध्ये केंद्रात आरोग्य संशोधन विभाग सुरू झाला. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात त्याने ग्रामीण भागात 'आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रं' काढायची योजना आणली. खेड्यातल्या सरकारी रुग्णालयाच्या जोडीला संशोधनाची जागा, आणि पाठीशी आयसीएमआरची एखादी मोठी संस्था. त्यातलं एक केंद्र आपल्याच जिल्ह्यात, डहाणूला झालं, परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या हाताखाली. पहिल्या सभेपासून मोजलं तर शंभर वर्षं उलटून गेली होती.

तिथे काय केलं त्यांनी? सर्पदंश घेतला. डहाणू तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर लोकांना, भगतांना, सर्पमित्रांना आणि सरकारी डॉक्टरांनाही विचारलं की साप चावल्यावर काय करता. चिंचोके लावून किंवा चुंबक लावून विष उतरतं, अशा समजुती नोंदल्या. पण दोष फक्त पाड्यावर ढकलला नाही, डॉक्टरांच्या ज्ञानातल्या त्रुटीही लिहिल्या. २०२१ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात तो अभ्यास आला. लेखकांच्या यादीत मुंबईचे शास्त्रज्ञ आहेत, डहाणूची माणसं आहेत आणि डॉ. हिम्मतराव बावस्करही आहेत.

हा प्रश्न किती मोठा आहे? २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा शास्त्रीय अंदाज आहे. प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांच्या विषावर बनतं, आणि ते विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळांच्या सहकारी संस्थेतून येतं. तिथल्या सापाच्या विषावरचं औषध आपल्याकडच्या फुरशाला किती लागू पडतं? हा प्रश्न केळीच्या, पानाच्या वाड्यांत अंधारात पाणी सोडायला जाणाऱ्या आपल्या माणसाचा आहे. तो विचारायला पैसाही मिळू शकतो.

कुठून, ते थोडक्यात सांगतो. आयसीएमआरच्या अलीकडच्या जाहिरातींत छोटे प्रकल्प दोन कोटींपर्यंत आणि मधले दोन ते आठ कोटींपर्यंत आहेत. एमबीबीएसच्या मुलांसाठी १९७९ पासून दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना आहे, विद्यावेतनासह. कोणाच्या डोक्यात एखादं उपकरण किंवा तपासणी-किट असेल तर 'बायरॅक'ची बिग योजना आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आलं आहे. रक्कम आणि तारखा बदलतात, म्हणून अर्जाआधी मूळ जाहिरात वाचा, माझी पोस्ट नव्हे.

खरी अडचण पात्रतेच्या कलमात आहे. आयसीएमआरचं अनुदान महाविद्यालय, विद्यापीठ, संशोधन संस्था, सरकारी संस्था किंवा केंद्राच्या विज्ञान खात्याची मान्यता असलेली स्वयंसेवी संस्था यांतल्या नियमित नोकरीतल्या माणसाला मिळतं. गावातला खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर एकटा अर्ज करू शकत नाही. शिवाय माणसांवरच्या अभ्यासाला नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि ती समिती लागतेच, त्यात सूट मागू नये. पण आरोग्य केंद्रात ती कुठून आणणार? म्हणजे महाडसारख्या गावात स्वतःचा दवाखाना चालवणारा उद्याचा बावस्कर आजही या दारातून एकट्याने आत जाऊ शकत नाही.

वाट आहे ती जोडीने जाण्याची. मुख्य संशोधक मेडिकल कॉलेजचा किंवा डहाणूसारख्या केंद्राचा, सहसंशोधक आपला स्थानिक डॉक्टर. समिती त्यांची, रुग्ण आणि निरीक्षण आपलं. माझी मागणी साधी आहे. जिल्हा आरोग्य यंत्रणेने वर्षातून एकदा तालुक्यातल्या सरकारी आणि खासगी डॉक्टरांना डहाणूच्या केंद्रातल्या लोकांसमोर बसवावं आणि विचारावं, "तुमच्याकडे असं काय येतं जे पुस्तकात नाही?" याला कोट्यवधी लागत नाहीत, एक सभागृह आणि चहा लागतो.

वसई-विरार, पालघर, डहाणूचे जे डॉक्टर, परिचारिका, प्राध्यापक हे वाचत असतील, त्यांनी कमेंटमध्ये लिहा. तुमच्या ओपीडीत असा कोणता प्रश्न आहे? रुग्णाचं नाव-गाव टाकू नका, फक्त प्रश्न लिहा. महिनाभरात जेवढे जमतील तेवढे एकत्र करून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवतो, आणि काय उत्तर मिळतं ते इथेच टाकतो.