सोनं तिचं, शेत त्याचं

वर्ध्याकडच्या कापूसपट्ट्यात पेरणीचा पैसा फार वेळा बाईच्या अंगावरून उतरलेला आहे. मृगाच्या तोंडावर पोत, पाटल्या सावकाराकडे गहाण पडायच्या आणि कापूस विकला गेला की सुटायच्या. कधी सुटायच्याच नाहीत. ज्या शेतासाठी हे सोनं जाई, त्या शेताच्या कागदावर तिचं नाव नसे. सोन्यावर मात्र शास्त्र आणि कायदा दोघंही तिचाच हक्क मानत.

या हक्कालाही एक चोरवाट होतीच. याज्ञवल्क्यस्मृती सांगते की दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा कैद अशा वेळी नवऱ्यानं बायकोचं स्त्रीधन वापरलं, तर ते परत करण्याचं बंधन त्याच्यावर नाही. दुष्काळाचं निमित्त विदर्भात कधी कमी पडलं? याच स्मृतीवर विज्ञानेश्वरानं मिताक्षरा लिहिली आणि इंग्रजांच्या कोर्टांनी पुढं तीच प्रमाण धरली.

राण्यांचीही गत फार निराळी नव्हती. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, पोटी मुलगा नव्हता. डलहौसीनं नागपूरचं राज्य खालसा केलं. आजचा वर्धा जिल्हा त्याच राज्यातला. पाठोपाठ राजवाड्यातलं जडजवाहीर लिलावासाठी कलकत्त्याला रवाना झालं. यातलं राज्याचं किती आणि भोसले घराण्याचं खासगी किती, हा वाद घराण्यातल्या वृद्ध राणी बांकाबाईंच्या हयातीत पेटला. निकाल अर्थातच बळकटाच्या बाजूनं लागला.

वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६२ मध्ये. त्यानंतरच्या सत्तर-ऐंशी वर्षांत इथल्या विधवेला नवऱ्याची जमीन मिळे ती मुलगा नसेल तर, आणि तीही हयातीपुरती. पीक तिनं खावं, सारा तिनं भरावा. विकायची वेळ आली की मात्र गरज सिद्ध करायची. नवऱ्याचं कर्ज, त्याचं श्राद्ध, मुलीचं लग्न अशी कारणं चालत. हुशार खरेदीदार ते कारण खरेदीखतातच लिहून घेई, कारण बाई गेल्यावर नवऱ्याकडचे भाऊबंद उठत आणि व्यवहार रद्द करा म्हणून दावा लावत.

गांधीयुगात वर्धा देशाच्या राजकारणाचं केंद्र झालं आणि बायांच्या सोन्याला नवं गिऱ्हाईक मिळालं: देशकार्य. जमनालाल बजाज यांच्या पत्नी जानकीदेवींनी पंचविशीच्या आसपास सगळे दागिने उतरवले ते कायमचे. पुढं पडदाही टाकला, विलायती कापड जाळलं. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींचा हरिजन दौरा वर्ध्यातूनच सुरू झाला. दौऱ्यात बाया सभेत बांगड्या काढून देत आणि तिथंच त्यांचा लिलाव होई. दिलेल्याच्या जागी नवा दागिना करायचा नाही, ही गांधीजींची अट. त्या त्यागाचं मोल कमी करायचं कारण नाही. पण कायद्यानं बाईचं म्हणून जे एवढंसं होतं, तेच तिच्याकडं मागितलं गेलं आणि तिनं दिलं. पुरुषांकडं शेताची वाटणी कुणी मागितली नव्हती.

ती मागणी कायदेमंडळात डॉ. गो. वि. देशमुखांनी केली. त्यांच्या खटपटीतून १९३७ चा कायदा झाला आणि विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, हयातीपुरताच का होईना. मात्र १९४१ मध्ये फेडरल कोर्टानं सांगितलं की शेतजमीन हा प्रांतांचा विषय, तिला हा कायदा लागू नाही. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात शेत वगळल्यावर उरतं काय? मध्यप्रांत-वऱ्हाडनं १९४२ मध्ये वेगळा कायदा करून हे भगदाड बुजवलं. ‘हयातीपुरता’ हा शब्द गेला तो थेट १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला.

कायदा कागदावर आला म्हणून तलाठ्याच्या दप्तरात उतरतोच असं नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी वेगळी वाट धरली. १९८६ च्या चांदवड अधिवेशनात शेतकरी बाया प्रचंड संख्येनं जमल्या, आणि त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ आली: शेतकऱ्यानं हयातीतच जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. गावातल्या शंभर घरांनी हे केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरचं नाव त्यात गाजलं. वर्धा जिल्हा संघटनेचा बालेकिल्ला. इथल्या सरोज काशीकर महिला आघाडीच्या बिनीच्या कार्यकर्त्या होत्या आणि १९९० मध्ये आमदारही झाल्या. घरधन्याच्या मर्जीवर चालणारा हक्क म्हणून कुणी या कार्यक्रमाला नाक मुरडलं तर त्यात तथ्य आहे. पण सातबाऱ्यावर बाईचं नाव चढलं की पीककर्जाचा अर्ज तिला स्वतः करता येतो, हेही खरं.

मग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं सत्र सुरू झालं. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजच्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. मागं राहिलेल्या बाईला कर्ज लगेच कळे, शेत मात्र सासऱ्याच्या किंवा दिरांच्या नावावर निघे. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ बायांची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्क्यांना जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. जून २०१९ मध्ये शासनानं निर्णय काढून त्यांच्या वारसनोंदी लावण्यास सांगितलं.

माहेरचा वाटा हा याहून नाजूक मामला. बाप गेला की भाऊ हक्कसोडपत्र पुढं करतो, बहीण सही करते आणि साडी-चोळी घेऊन परतते. माहेरचं दार उघडं राहावं, हा त्यामागचा हिशेब, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. नवऱ्याघरी काही बिनसलं तर जायचं कुठं, हे तिला ठाऊक असतं.