मोडून न गेलेली नोट

अमरावतीच्या राजापेठेतल्या किराणा दुकानाच्या गल्ल्यात अजूनही अधूनमधून ट्रॅक्टरवाली पाचाची नोट येते, कधी मागे आर्यभट्ट उपग्रह असलेली दोनाची. या दोन्हींची छपाई आता थांबली आहे, म्हणून दुकानदार ती गिऱ्हाइकाला न देता बाजूला ठेवतो. मोबाइलवर त्याने वाचलेले असते की, अशा नोटेला लाखो रुपये मिळतात. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीवर शुल्क, कमिशन नि कर उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा खुद्द बँकेला ऑगस्ट 2021 मध्ये द्यावा लागला. अशा लबाडांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्यांचे फावते ते आपल्याच एका समजुतीमुळे. जुने ते मोलाचे, ही ती समजूत. भांडे, नाणे, दागिना यांच्या बाबतीत ती काही अंशी खरी आहे, कारण त्या वस्तूंत धातू असतो. नोट मुळात वस्तू नव्हे, वचन आहे. वचन पुरे झाले की कागद सरकारजमा होतो आणि नष्ट केला जातो. म्हणून नोटेचे मोल तिच्या वयावरून काढता येत नाही. तिला तिजोरीकडे परत खेचणारी ओढ किती जबर होती आणि त्या ओढीतून ती कशी निसटली, हे पाहावे लागते. याचा चांगला पुरावा वऱ्हाडातच आहे.

1861च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार एकट्या सरकारकडे आला. त्या नोटा देशभर सारख्या चालत नसत. देशाची सर्कले पाडलेली होती आणि ज्या सर्कलची नोट तिथेच ती वटवून मागण्याचा हक्क असे. कोलकाता, मुंबई, मद्रास ही मोठी ठाणी. पुढे त्यांच्या हाताखाली नागपूर, कराची आणि आपले अकोला अशी उपठाणी आली. मुलूख कागदोपत्री निजामाचा, कारभार 1853पासून इंग्रजांचा आणि नोटेवर छापलेले नाव अकोल्याचे! अकोल्याला हा मान मिळाला तो कापसामुळे, असेच मानावे लागते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने वऱ्हाडी कापसाला भाव आणला, 1867मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत गेली, 1870मध्ये खामगावचा फाटा झाला आणि पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून राजापेठेच्या बाजूने अमरावतीचा. हंगामात पैसा मुंबईहून वर येई, पण तो चांदीच्या रूपात. कास्तकाराला कलदार हवा असे. कागद घेऊन तो करणार काय? तीच चांदी शेतसाऱ्याच्या हप्त्यातून सरकारी खजिन्यात जमा होई. उलट दिशेला कापड, साखर, मीठ मागवणाऱ्या व्यापाऱ्याला मुंबईत पैसे चुकते करायचे असत. त्याच्यासाठी अकोल्याची नोट सोन्यासारखी होती, कारण ती अकोल्यात जशी वटे तशीच मुंबईतही. हुंडणावळ वाचे, चांदीच्या थैल्यांची राखणही टळे. म्हणजे ज्या गुणामुळे ही नोट वऱ्हाडात हवीशी होती, त्याच गुणामुळे ती वऱ्हाडात राहत नसे. मुंबईला पोचली, वटली, संपली. अकोल्याचे नाव असलेली नोट आज संग्राहकांना जवळपास दिसतच नाही, त्याचा उलगडा मला या व्यवहारात दिसतो.

यावर कोणी म्हणेल, दीडशे वर्षांपूर्वीचा कागद टिकणारच कसा. वाळवी, पावसाळा, उंदीर यांनी तो संपवला असेल. पण त्याच काळातली खाती, दस्त, पोथ्या वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांत सापडतात आणि त्यांचा कागद सरकारी नोटेच्या हातकागदापेक्षा काही मजबूत नसे. फरक एवढाच की पोथी परत मागायला कोणी येत नव्हते. दुसरा दाखला पहिल्या महायुद्धातला आहे. चांदी तुटली तेव्हा 30 नोव्हेंबर 1917 रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि पाठोपाठ अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची. 1 जानेवारी 1926पासून दोन्ही काढणे थांबले. अडीचाची नोट आज चांगल्या स्थितीत मिळाली तर मोठी किंमत येते. तिच्याहून जुन्या, पंचम जॉर्जपूर्वीच्या काही नोटांनाही तेवढी येत नाही. वय हाच निकष असता तर हे उलट झाले असते.

मोठ्या नोटांची ओढ आणखी जबर होती. पाचशे, हजार नि दहा हजारांच्या नोटा जानेवारी 1946मध्ये रद्द झाल्या. हजार, पाच हजार, दहा हजार पुन्हा जानेवारी 1978मध्ये. ज्याच्याकडे होत्या त्याला ठरल्या मुदतीत त्या भरणे भाग होते, म्हणून राहिल्या त्या थोड्या. उलट चिंतामणराव देशमुखांची सही असलेली, सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली दहाची नोट पाहा. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नोकरीत घडलेला हा रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, म्हणून मराठी घरांत ती जपली जाते आणि तशी ती जपावीच. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा नोटा अफाट छापल्या गेल्या आणि पुष्कळ उरल्याही. माणूस थोर म्हणून त्याच्या सहीचा कागद दुर्मिळ होत नाही.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. किंमत शेवटी घेणारा ठरवतो. क्रमांकात 786 हा शुभ मानलेला आकडा असलेल्या नोटेला कोणी हजार देत असेल तर तीच तिची किंमत नाही का? हे मी मान्य करतो. दुर्मिळ असूनही गिऱ्हाईक नाही म्हणून पडून राहिलेल्या नोटाही आहेत. पण ती किंमत त्या माणसाच्या श्रद्धेची आहे आणि दुसऱ्या माणसाकडे ती टिकेलच असे नाही. टिकणारी किंमत ओळखायची तर नोट उजेडात धरावी, जलचिन्ह पाहावे, सही कोणाची ते वाचावे, शंभराची जुनी नोट असेल तर ठाण्याचे नाव शोधावे. मग घड्या मोजाव्यात, टाचणीची भोके पाहावीत. नोट धुऊ नये, इस्त्री फिरवू नये, चिकटपट्टी तर लावूच नये. एवढ्याने भाव निम्म्यावर येतो. ट्रॅक्टरवाली पाचाची नोट मात्र कितीही कोरी असली तरी लाखाची होणार नाही, कारण ती परत मागायला कोणी आलेच नाही. ती आजही पाच रुपयांना चालते.

स्थितीच्या या नियमालाही एक अपवाद मला फार मोलाचा वाटतो. टपालात चोरी होऊ नये म्हणून व्यापारी मोठी नोट मधोमध कापत, एक अर्धा भाग पाठवत आणि तो पोचल्याचा निरोप आला की दुसरा. म्हणून क्रमांक दोन्ही अर्ध्यांवर छापलेला असे. मुंबईच्या पेढीवर कारकून ते अर्धे शेजारी ठेवी, क्रमांक ताडून पाही आणि मागून कागदाची पट्टी चिकटवी. आजचा गिऱ्हाईक ती पट्टी पाहून भाव पाडतो. पण वऱ्हाडातून निघालेली रक्कम मुंबईला कशी पोचत होती, हे त्या पट्टीइतके स्पष्ट दुसरीकडे कुठेच लिहिलेले नाही.